हातशिलाईची चामडी हँडबॅग

हातशिलाईची चामडी हँडबॅग म्हणजे कमावलेल्या चामड्याचे तुकडे हाताने कापून, दोन सुयांनी शिवून आणि कडा घासून तयार केलेली, हातात किंवा खांद्यावर वागवण्याची पिशवी होय. अशा बॅगेच्या शिलाईत यंत्राचा वापर होत नाही. खोगीर आणि घोड्याचा साज बनवणाऱ्या कारागिरांचे तंत्र या कामाच्या मुळाशी आहे. विसाव्या शतकात युरोपातील काही नामांकित फॅशनगृहांनी याच तंत्राच्या आधारे महागड्या हँडबॅगांचा व्यवसाय उभारला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत ते घरगुती छंद म्हणूनही रुजले.

बॅगेचा टिकाऊपणा तिच्यावरील नावावर अवलंबून नसतो. चामड्याची निवड, नमुन्याची अचूकता, टाक्याची पद्धत आणि कडांची पूर्णता या चार गोष्टींवर तो ठरतो. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी कारखान्याची आवश्यकता नसते. भक्कम टेबल, मोजकी हत्यारे आणि पुरेसा वेळ एवढ्या सामग्रीवर हे काम घरी करता येते.

## इतिहास

अठराव्या शतकात युरोपातील स्त्रिया कापडी खिसे घागऱ्याच्या आत कमरेला बांधत असत. शतकाच्या अखेरीस तलम आणि अंगासरशा पोशाखांची पद्धत आली. अशा पोशाखात खिशांना जागा उरली नाही आणि रेटिक्युल नावाची, दोरीने तोंड आवळण्याची लहान पिशवी स्त्रियांच्या हातात आली. ही पिशवी बहुधा कापडाची असे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेप्रवास वाढला, तशी अधिक मजबूत आणि बंद करता येणाऱ्या चामडी बॅगांची गरज निर्माण झाली.

या बॅगा बनवण्याचे कौशल्य खोगीर, लगाम व प्रवासी पेट्या बनवणाऱ्या कारागिरांकडे होते. थिएरी एर्मेस यांनी १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवण्याची कार्यशाळा सुरू केली. पुढे या घराण्याने खोगीर व बूट वाहून नेण्यासाठी उंच चामडी बॅग बनवली. मोटारगाडीच्या आगमनानंतर घोड्यांचा वापर घटला, तेव्हा एर्मेसने प्रवासी बॅगा आणि हँडबॅगा यांकडे अधिक लक्ष दिले. लुई व्हितॉं यांचे दुकान (१८५४) प्रवासी पेट्यांसाठी प्रसिद्ध झाले, तर गुच्चिओ गुच्ची यांनी १९२१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये चामडी सामानाचा व्यवसाय सुरू केला.

शिवणयंत्राच्या प्रसारामुळे चामडी वस्तूंच्या उत्पादनात मोठा बदल झाला. इलियास हाउ यांना १८४६ मध्ये अमेरिकेत लॉकस्टिच यंत्राचे पेटंट मिळाले. पुढील काळात जाड चामडे शिवणारी यंत्रेही आली आणि बहुतेक बॅगा यंत्रावर शिवल्या जाऊ लागल्या. खोगीर व घोड्याचा साज बनवणाऱ्या कार्यशाळांत मात्र हाताचा टाका टिकून राहिला.

हे कौशल्य हौशी लोकांपर्यंत पोहोचण्यात पुस्तकांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन चर्मकलाकार अल स्टोलमन यांचे चामड्याच्या हातशिलाईवरील सचित्र पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी कार्यशाळेतील उमेदवारीत शिकता येणारी अनेक तंत्रे अशा पुस्तकांमुळे घरबसल्या शिकणे शक्य झाले.

## डिझायनर हँडबॅगेची घडण

डिझायनर हँडबॅग ही संज्ञा विशिष्ट फॅशनगृहाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॅगेसाठी वापरली जाते. शनेलची २.५५ ही रजई-शिलाईची बॅग फेब्रुवारी १९५५ मध्ये बाजारात आली आणि तिचे नावही त्या महिन्यावरून पडले. एर्मेसची समलंब चौकोनी आकाराची, झाकण असलेली बॅग १९३० च्या दशकातील होती. अभिनेत्री ग्रेस केली यांची ही बॅग घेतलेली छायाचित्रे १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९७७ मध्ये ‘केली’ हे तिचे अधिकृत नाव झाले. अभिनेत्री व गायिका जेन बर्किन यांच्या नावाची ‘बर्किन’ बॅग १९८४ मध्ये आली.

केली बॅग दोन पद्धतींनी बनवली जाते. हा फरक घरी बॅग बनवणाऱ्यासाठीही मूलभूत आहे.

* सेलिए पद्धत: चामड्याचे तुकडे सुलट बाजू बाहेर ठेवून जोडले जातात. शिलाई आणि कापलेल्या कडा बाहेरून दिसतात. बॅगेचा आकार ताठ आणि कोनदार राहतो.
* रतुर्ने पद्धत: तुकडे उलट्या बाजूने शिवून बॅग नंतर उलटवली जाते. कडा आत जातात, कोपरे गोलसर होतात आणि बॅग मऊ दिसते.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक टाका व प्रत्येक कड दिसत असल्याने सफाई अधिक लागते, परंतु काम करताना सर्व भाग हाताखाली असतात. दुसऱ्या पद्धतीत शिवलेली बॅग उलटवावी लागते. त्यासाठी चामडे मऊ आणि जोडाच्या जागी पातळ असावे लागते. त्यामुळे नवशिक्यांसाठी पहिली पद्धत अधिक सोयीची ठरते.

## चामडे

### कमावण्याच्या पद्धती

कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून त्यावर केलेल्या प्रक्रियेला कातडे कमावणे म्हणतात. हँडबॅगेसाठी वापरले जाणारे चामडे मुख्यतः दोन पद्धतींनी कमावलेले असते.

वनस्पतिजन्य पद्धतीत झाडांच्या साली, फळे किंवा पाने यांतील टॅनिन वापरले जाते. भारतात बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांचा वापर परंपरेने होत आला आहे. या प्रक्रियेला अनेक आठवडे लागू शकतात. हे चामडे ताठ असते, ओले केल्यावर हवा तसा आकार धरते, वापराने गडद होत जाते आणि त्याची कड घासून चकचकीत करता येते. पाण्याचा थेंब पडल्यास त्यावर डाग उमटतो.

क्रोम पद्धतीत क्रोमियमचे क्षार वापरले जातात. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले. ही प्रक्रिया साधारण एका दिवसात होऊ शकते. चामडे मऊ आणि पाण्याला अधिक दाद न देणारे असते व विविध रंगांत मिळते. जगातील बहुतांश चामडे आज याच पद्धतीने कमावले जाते. त्याची कड घासून चकचकीत होत नाही. तिच्यावर कडेचा रंग लावावा लागतो किंवा चामडे दुमडून ती झाकावी लागते. कमावण्यात किंवा साठवणीत त्रुटी राहिल्यास चामड्यात षट्संयुजी क्रोमियम हे घातक रूप तयार होऊ शकते. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेच्या संपर्कात येणाऱ्या चामडी वस्तूंसाठी त्यावर किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

### प्रत आणि जाडी

कातड्याचा केसांकडील वरचा थर सर्वांत घट्ट विणीचा असतो. तो अखंड राखलेल्या चामड्यास फुल ग्रेन म्हणतात. पृष्ठभाग घासून व त्यावर छाप उठवून एकसारखा केलेल्या चामड्यात नैसर्गिक खुणा दिसत नाहीत. खालचा थर वेगळा केल्यावर स्प्लिट चामडे मिळते. ते कमी मजबूत असते आणि अस्तरासाठी किंवा स्वेडसाठी उपयोगी पडते. चामड्याचा चुरा चिकटद्रव्याने जोडून केलेला बॉन्डेड लेदर हा पदार्थ हातशिलाईला निरुपयोगी असतो, कारण टाका ओढताच त्याची भोके फाटतात. ‘जिन्युइन लेदर’ असा शिक्का केवळ वस्तू चामड्याची असल्याचे सांगतो. त्यातून प्रत कळत नाही.

कातड्याचा प्रत्येक भाग सारखा नसतो. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा भाग सैल आणि ताणणारा असतो. म्हणून पट्टे आणि हँडल पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापतात. बॅगेच्या अंगासाठी सामान्यतः १.४ ते २ मिलिमीटर, पट्ट्यासाठी २.५ ते ३ मिलिमीटर आणि अस्तरासाठी ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचे चामडे योग्य ठरते. भारतीय बाजारात चामडे चौरस फुटावर विकले जाते.

## हत्यारे व साहित्य

चांभारकामातील रापी आणि आरी ही या कामाची मूळ हत्यारे आहेत. रापी ही चामडे कापण्याची व तासण्याची रुंद पात्याची सुरी असून आरी हे भोक पाडण्याचे टोकदार हत्यार आहे. त्यांखेरीज पुढील साहित्य लागते.

* पोलादी पट्टी, कंपास आणि कापण्यासाठी जाड चटई
* टाक्यांच्या खुणा करणारा दातेरी छिन्नीसारखा प्रिकिंग आयर्न आणि लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा
* शंकरपाळ्याच्या आकाराच्या छेदाची आरी
* बोथट टोकाच्या दोन सुया
* मेण लावलेला तागाचा (लिननचा) किंवा पॉलिएस्टरचा धागा
* काम पकडून ठेवणारा लाकडी शिलाईचिमटा, जो दोन मांड्यांमध्ये धरला जातो
* कड तासणारे बेव्हलर, पॉलिश पेपर आणि घासण्याची खाचदार लाकडी दांडी
* चिकटद्रव्य, मधमाशीचे मेण, पितळी कड्या, बकल आणि बंद करण्याचे बटण

सुई बोथट असावी लागते. भोक आरीने आधीच पाडलेले असते आणि सुईचे काम केवळ धागा वाहून नेण्याचे असते. टोकदार सुई आधीच्या धाग्यात घुसते आणि टाका अडकतो.

## नमुना

कापडात चुकलेली शिलाई उसवून पुन्हा घालता येते, परंतु चामड्यात पडलेले भोक कायमचे राहते. त्यामुळे चामड्याला हात लावण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा नमुना तयार केला जातो. पुठ्ठ्याचे भाग चिकटपट्टीने जोडून पूर्ण आकाराची बॅग उभी केल्यास मापांतील चुका वेळीच लक्षात येतात.

उदाहरणादाखल २५ सेंटीमीटर रुंद, २० सेंटीमीटर उंच आणि १० सेंटीमीटर खोल अशी झाकणाची बॅग घेता येईल. तिला पुढील भाग लागतात.

* समोरचा भाग: २५ × २० सेंमी
* पाठ, वरची बाजू आणि झाकण यांचा एकसंध भाग: २५ × ४२ सेंमी (२० + १० + १२)
* दोन्ही बाजू आणि तळ मिळून होणारी पट्टी, म्हणजेच गसेट: ६५ × १२ सेंमी (शिलाईसाठी दोन्हीकडे १ सेंमी धरून)
* हँडलच्या दोन पट्ट्या: प्रत्येकी ३० × ३ सेंमी
* खांद्याचा पट्टा: १२० × २ सेंमी

या सर्वांचे क्षेत्रफळ २,७५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे सुमारे तीन चौरस फूट होते. कातड्याचा वेडावाकडा आकार, त्यावरील ओरखडे आणि सैल भाग लक्षात घेता प्रत्यक्षात चार ते पाच चौरस फूट चामडे घ्यावे लागते.

गसेटची लांबी हा नमुन्यातील सर्वांत नाजूक भाग असतो. समोरच्या भागाचे खालचे दोन्ही कोपरे ३ सेंटीमीटर त्रिज्येने गोल केल्यास प्रत्येक कोपऱ्यात सुमारे १.३ सेंटीमीटर लांबी कमी होते आणि ६५ सेंटीमीटरची कड ६२.४ सेंटीमीटर भरते. टाक्यांची रेषा कडेपासून ४ मिलिमीटर आत असल्याने ती आणखी सव्वा सेंटीमीटरने आखूड, म्हणजे सुमारे ६१.२ सेंटीमीटर होते. गसेट मूळ मापानेच शिवल्यास कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात किंवा बॅग पिळल्यासारखी दिसते. म्हणून जोडले जाणारे दोन्ही भाग टाक्यांच्या रेषेवर मोजून सारखे केले जातात आणि त्यांवरील भोकांची संख्याही जुळवली जाते. पट्टी सुरुवातीस लांबच कापून, जादा तुकडा तोंडाशी छाटण्याची पद्धत आहे.

## निर्मितीची प्रक्रिया

### कापणे आणि पातळ करणे

नमुना चामड्यावर ठेवून आरीच्या टोकाने हलकी रेघ ओढली जाते. सरळ रेषा पोलादी पट्टीच्या आधाराने कापतात. पाते चामड्याला काटकोनात धरावे लागते, कारण तिरकी कापलेली कड पुढे कितीही घासली तरी सरळ होत नाही. रापीला धार नसल्यास जोर द्यावा लागतो आणि हात घसरतो. कापताना रिकामा हात पात्याच्या मार्गात ठेवू नये.

जेथे चामडे दुमडायचे किंवा दोन-तीन थर एकत्र येणार असतात, तेथे ते आतील बाजूने तासून पातळ केले जाते. या क्रियेस स्कायव्हिंग म्हणतात. दुमडणीच्या जागी जाडी साधारण अर्धी करतात. हे काम आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहिले जाते.

### जोडणी

बटण, कड्या आणि आतील खिसा बॅग सपाट असतानाच बसवले जातात, कारण पूर्ण शिवलेल्या बॅगेच्या आत हातोडा चालवता येत नाही. हँडलच्या बुंध्यावर सर्व वजन येते. तेथे आतून चामड्याचा दुसरा तुकडा लावून मग शिलाई केली जाते.

चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून, ते बोटाला चिकटेनासे झाल्यावर भाग एकमेकांवर दाबले जातात. त्याचे काम शिलाई होईपर्यंत भाग धरून ठेवणे एवढेच असते. द्रावकयुक्त चिकटद्रव्यांची वाफ आरोग्यास घातक व ज्वालाग्राही असते. हे काम उघड्या खिडकीजवळ आणि ज्योतीपासून दूर करावे. पाण्यावर आधारित चिकटद्रव्येही मिळतात.

गसेटची किनार कोपऱ्यात वळवताना वनस्पतिजन्य चामडे किंचित ओलसर करून बोटांनी आकार दिला जातो आणि ते वाळू दिले जाते.

### खोगीर टाका

सॅडल स्टिच अर्थात खोगीर टाका हा हातशिलाईचा गाभा आहे. त्यात एकच धागा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवलेली असते. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी जातात. त्यामुळे चामड्याच्या दोन्ही बाजूंना टाक्यांची अखंड ओळ दिसते.

यंत्राच्या लॉकस्टिचमध्ये वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र धागे असतात व ते चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. त्यांपैकी एक तुटला की दुसऱ्याची पकड जाते आणि शिलाई उसवत जाऊ शकते. खोगीर टाक्यात धाग्याचा एक फेर तुटला तरी दुसरा फेर त्याच भोकांतून जात असतो. त्यामुळे शेजारचे टाके बराच काळ जागा सोडत नाहीत. घोड्याचा तंग धावत्या घोड्यावर उसवणे जीवघेणे ठरू शकते. साज बनवणाऱ्या कारागिरांच्या दृष्टीने या टाक्याचे महत्त्व त्यात होते.

शिलाईचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

* कडेपासून ३ ते ४ मिलिमीटर अंतरावर रेघ आखून प्रिकिंग आयर्नने तिरक्या खुणा केल्या जातात.
* काम चिमट्यात पकडून आरीने प्रत्येक खुणेवर भोक पाडले जाते. आरी दोन्ही दिशांनी काटकोनात असावी लागते, अन्यथा पाठीमागची ओळ वाकडी येते.
* पहिल्या भोकातून धागा अर्धा ओढून दोन्ही बाजू समान केल्या जातात.
* पुढील भोकातून ठरलेल्या हाताची सुई प्रथम जाते, दुसरी सुई त्यानंतर त्याच भोकातून उलट दिशेने येते.
* दोन्ही टोके एकाच वेळी, सारख्या जोराने ओढली जातात.
* शेवटी दोन-तीन टाके मागे शिवून धागा कापला जातो. पॉलिएस्टरचे टोक वितळवून, तर लिननचे टोक चिकटवून बसवतात.

कोणती सुई आधी जाते आणि दुसरी सुई पहिल्या धाग्याच्या कोणत्या बाजूने येते, हा क्रम संपूर्ण ओळीत बदलता कामा नये. टाक्यांचा तिरकेपणा आणि एकसारखेपणा त्यावरच अवलंबून असतो. धागा फार जोराने ओढल्यास मऊ चामडे चुणते. सैल सोडल्यास टाका कडेला घासून झिजतो.

धाग्याची लांबी शिलाईच्या लांबीच्या साधारण चौपट धरतात. वरील उदाहरणातील गसेटच्या दोन ओळी मिळून सुमारे १२२ सेंटीमीटर होतात, म्हणजे जवळपास पाच मीटर धागा लागतो. टाक्यांतील अंतर ४ मिलिमीटर असल्यास दोन्ही ओळींत सुमारे ३०६ टाके येतात. मिनिटाला दोन टाके या गतीने एवढ्या शिलाईलाच अडीच तास लागतात. हँडल, पट्टा आणि खिसा यांचा वेळ त्याहून वेगळा असतो. हातशिलाईच्या बॅगेच्या किमतीत श्रमाचा वाटा मोठा असण्याचे हे एक कारण आहे.

### कडा

शिलाईनंतर दोन्ही थरांची कड पॉलिश पेपरने एकजीव केली जाते आणि तिचे कोपरे बेव्हलरने तासले जातात. वनस्पतिजन्य चामड्याची कड किंचित ओली करून लाकडी दांडीने वेगाने घासल्यास तंतू दबून ती गुळगुळीत होते. त्यावर मेण घासून पुन्हा चकाकी आणली जाते. क्रोम चामड्याच्या कडेला रंगाचे अनेक पातळ थर दिले जातात व प्रत्येक थर वाळल्यावर तो घासला जातो. कड नीट बंद झाल्यास तिच्यातून ओलावा शिरत नाही आणि थर सुटत नाहीत. बॅगेची सफाई पारखताना जाणकार प्रथम कड आणि टाका पाहतात.

## अनुकरण आणि कायदा

प्रसिद्ध बॅगेपासून प्रेरणा घेणे आणि बनावट माल तयार करणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. झाकण, हँडल, गसेट किंवा खोगीर टाका ही रचनेची सर्वसाधारण अंगे असून त्यांवर कोणाची मक्तेदारी नाही. दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह किंवा त्याच्याशी फसवे साम्य असलेले चिन्ह व्यापारी मालावर वापरणे हे मात्र उल्लंघन ठरते. भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे किंवा असा माल विकणे यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

वस्तूच्या दृश्य रूपाला रचना अधिनियम, २००० खाली नोंदणीनंतर दहा वर्षे आणि मुदतवाढीने आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. काही बॅगांचा आकारच विशिष्ट उत्पादकाची ओळख बनलेला असतो. अमेरिकेत बर्किन बॅगेच्या बाह्य रूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झालेली आहे. त्यामुळे विक्रीसाठी बॅग बनवताना बोधचिन्ह टाळणे नेहमीच पुरेसे ठरत नाही. आकार, कुलूप आणि पट्ट्यांची मांडणी यांतही स्वतंत्रपणा असावा लागतो.

## भारतातील स्थिती

भारतात चामड्याच्या वस्तूंची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात विहिरीचे पाणी उपसणारी मोट, पाणी वाहून नेणारी पखाल, खोगीर आणि तलवारीची म्यान या चामडी वस्तू नित्य वापरात होत्या. कोल्हापुरी चप्पल आजही वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्यापासून हाताने बनवली जाते. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पश्चिम बंगालमधील शांतिनिकेतनच्या ठसेकाम व बाटिक केलेल्या चामडी पिशव्यांनाही भौगोलिक मानांकन आहे. तमिळनाडू हे वनस्पतिजन्य पद्धतीच्या ईस्ट इंडिया चामड्याचे प्रमुख केंद्र असून कोलकाता चामडी बॅगांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून कार्यरत आहे.

मुंबईतील धारावी येथे बॅगा, पाकिटे आणि पट्टे बनवणाऱ्या अनेक लहान कार्यशाळा आहेत. महाराष्ट्रातील गोवंश हत्याबंदी २०१५ मध्ये बैल व वळू यांनाही लागू झाल्यावर या व्यवसायाला कच्च्या मालाची अडचण जाणवली. म्हशीचे व शेळीचे चामडे, तसेच रबरासारखे पर्यायी साहित्य यांचा वापर येथे होतो. महाराष्ट्र शासनाने १९७४ मध्ये स्थापन केलेले चर्मोद्योग महामंडळ आज संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाते.

### सामाजिक संदर्भ

युरोपात खोगीर बनवणाऱ्याचे कौशल्य पुढे वस्तूच्या प्रतिष्ठेचा भाग झाले. भारतात मात्र जातिव्यवस्थेने हे काम ठरावीक समाजांवर लादले आणि ते करणाऱ्यांना अस्पृश्य ठरवले. महाराष्ट्रात कातडी कमावणे हे ढोर समाजाशी, तर चामडी वस्तू बनवणे हे चर्मकार समाजाशी जोडले गेले. ज्यांच्या हातची मोट शेत भिजवत होती, त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरण्यास बंदी होती. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तरी या कामाला चिकटलेला कलंक पूर्णतः पुसला गेलेला नाही.

हा विरोधाभास जून २०२५ मध्ये ठळकपणे समोर आला. इटलीतील प्राडा या फॅशनगृहाने मिलान येथे कोल्हापुरीशी साम्य असलेल्या चपला सादर केल्या. मूळ कारागिरीचा उल्लेख न केल्याबद्दल टीका झाल्यानंतर, त्या भारतीय हस्तकलेपासून प्रेरित असल्याचे प्राडाने मान्य केले. शहरी हौशी वर्गात चर्मकलेच्या कार्यशाळा लोकप्रिय होत असताना, परंपरागत कारागिराच्या श्रमाला श्रेय आणि मोबदला मिळण्याचा प्रश्न कायम आहे.

## निगा आणि दुरुस्ती

चामडी बॅग प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवल्यास तिला बुरशी लागते. कोकण व मुंबईसारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यात ती कापडी पिशवीत, हवेशीर जागी आणि आत कागद भरून ठेवणे योग्य असते. भिजलेली बॅग उन्हात किंवा हीटरजवळ न वाळवता सावलीत वाळवावी, अन्यथा चामडे आखडून त्याला भेगा पडतात. वनस्पतिजन्य चामड्याला अधूनमधून मेणयुक्त मलम अगदी थोडे लावले जाते. तेल अधिक झाल्यास चामडे काळवंडते आणि सैल पडते.

तुटलेला टाका जुन्याच भोकांतून नव्या धाग्याने भरता येतो, झिजलेली कड पुन्हा घासता येते आणि हँडल बदलता येते. मापे व नमुना जपून ठेवल्यास कोणताही भाग नव्याने कापता येतो. बोथट सुया, मेणाचा धागा आणि आरी एवढ्या साहित्यावर ही दुरुस्ती घरी किंवा पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराकडे होऊ शकते.